भजनी मंडळासाठी मँडोलिन घेताय? आधी माईकवर वाजवून बघा

आम्ही शेंदूरजनाघाटहून बोलतोय. तालुका वरूड, जिल्हा अमरावती. संत्र्याची कलमं न्यायला तुमच्या गावचं कोणी ना कोणी आमच्याकडे येऊन गेलंच असेल. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. निम्म्या जणी पन्हेरीत कामाला जातात, दोघी शिवणकाम करतात, एकीचं किराणा दुकान आहे. महिन्याची बचत जमा झाली, वही लिहून झाली, तरी आमची बैठक उठत नाही. पेटी पुढे ओढली जाते आणि भजन सुरू होतं. असंच करता करता आमचं भजनी मंडळ उभं राहिलं. आजूबाजूच्या गावांतून बोलावणं येतं, थोडंफार मानधन मिळतं.

पेटी, ढोलक, टाळ आणि खंजिरी आमच्याकडे होतीच. अमरावती जिल्ह्यात राहायचं आणि भजनात खंजिरी नाही, असं कसं चालेल? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात लोकांनी तीच तर पाहिली. पण गेली दोन वर्षं आमच्या मंडळात एक नवं वाद्य आलं आहे, मँडोलिन. आमच्या काकू त्याला ‘मेंडोलीन’ म्हणतात. ते घेताना आम्ही एकदा चुकलो आणि एकदा बरोबर वागलो. तुमच्यापैकी तीन गटांनी आम्हांला विचारलं, की कार्यक्रमात वाजवायला स्वस्तातलं, माईकच्या मशीनला जोडता येणारं मँडोलिन कसं घ्यायचं. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी चूक सांगतो. पहिलं मँडोलिन आम्ही फोटो बघून घरपोच मागवलं, ४,८०० रुपयांना. काकूंच्या धाकट्या सुनेला ते वाजवायची फार हौस. तिच्या माहेरी भाऊ वाजवायचा. सहा महिने तिने रात्रीची भांडी झाल्यावर, लेकरू निजल्यावर सराव केला. काट्यांनी आधीच रापलेली बोटं, तरी तारेने सोलून निघाली. मग नवरात्रात शेजारच्या गावी कार्यक्रम मिळाला. मँडोलिनला एक चिकटवायचा छोटा पिकअप लावला, त्याची वायर माईकवाल्या दादाच्या मशीनमध्ये खोचली. पहिल्याच भजनात बॉक्समधून अशी शिट्टी निघाली, की पुढे बसलेल्या लेकरांनी कानांवर हात ठेवले. थोड्या वेळाने शिट्टी थांबली. आम्हांला वाटलं, जमलं. सून पाऊण तास मान खाली घालून वाजवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ आला. पेटी ऐकू येते, खंजिरी ऐकू येते, आमचे आवाज ऐकू येतात. मँडोलिन नाहीच. शिट्टी बंद व्हावी म्हणून दादाने त्याची घुंडी शून्यावर नेली होती, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. सून एवढंच म्हणाली, “मी वाजवत होती का नाई, काई समजूनच नाई राह्यलं.” नंतर महिनाभर तिने त्याला हात लावला नाही. काकू म्हणाल्या, “पैशे गेले त गेले, पोरीचं मन गेलं थे पाहा.”

त्यानंतर आम्ही दुकानदारांना विचारलं, वरूडला बँडमध्ये वाजवणाऱ्या एका बुजुर्गांना विचारलं, दोन माईकवाल्यांना चहा पाजून विचारलं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

मँडोलिन मूळचं इटलीतलं. त्याला आठ तारा असतात, पण त्या चार जोड्यांनी बसवलेल्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावायच्या, म्हणून आवाज भरीव येतो. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा १९९५ चा सिनेमा आठवतो ना? त्यात नायकाच्या हातात जे वाद्य आहे ते मँडोलिनच. त्याच्या कितीतरी आधी संगीतकार सज्जाद हुसेन त्यावर आपलं रागसंगीत वाजवत होते. तार छेडली की मँडोलिनचा आवाज पटकन विरतो. म्हणून हातातली प्लास्टिकची पत्ती, जिला पिक म्हणतात, ती तारांवर भरभर खाली-वर चालवून सूर लांबवतात. बाईच्या हाताला हे वाद्य सोईचं आहे. तारेचा वाजणारा भाग जेमतेम ३५ सेंटिमीटर, त्यामुळे बोटं फार ताणावी लागत नाहीत. मांडीवर मावतं, एसटीत डोक्यावरच्या फळीवर राहतं.

सूर लावायला वेगळं काही शिकावं लागत नाही, पेटी पुरते. जाड तारेची जोडी पांढरी पाचला लावा, पुढची पांढरी दोनला, तिसरी पांढरी सहाला आणि सगळ्यांत बारीक पांढरी तीनला. आम्ही बहुतेक काळी चारमध्ये गातो. जाड तारेच्या पहिल्याच पडद्यावर बोट ठेवलं की काळी चारचा सा मिळतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्यांना तो तिसऱ्या पडद्यावर मिळेल.

आमच्या गटात एकीचं म्हणणं होतं, की मँडोलिन कशाला, बेंजो घ्या. बटणं दाबून वाजवायचा तो बेंजो, कव्वालीच्या पार्टीत असतो तो. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बेंजो स्वस्त पडतो, लवकर हाती येतो, आणि त्यालाही पिकअप बसवून मिळतो. (हे आपलं देशी वाद्य असेल असं आम्हांला वाटायचं. ते जपानच्या तैशोगोतो नावाच्या वाद्यावरून आलं, आणि ते वाद्य १९१२ मध्ये नागोया शहरात निघालं, हे ऐकून आम्ही चाटच पडलो.) तुमच्या मंडळात रोज अर्धा तास बसणारी एकही जण नसेल, तर आमचं प्रामाणिक मत आहे, बेंजोच घ्या. आमच्याकडे सून होती, म्हणून मँडोलिन.

आता दुकानात तीन प्रकार दिसतात. एक साधं पोकळ मँडोलिन, त्यात विजेचं काही नाही. दुसरं तसंच पोकळ, पण आतून पिकअप बसवलेलं, खाली वायर खोचायला भोक असलेलं. तिसरं भरीव लाकडाचं, निव्वळ विजेवर चालणारं. दक्षिणेकडे यू. श्रीनिवास नावाचे मोठे वादक होऊन गेले, २०१४ मध्ये वारले. त्यांनी कर्नाटक संगीतासाठी विजेवरचं मँडोलिन हातात घेतलं आणि आठाऐवजी पाच तारा ठेवल्या. भरीव मँडोलिन शिट्टी फारशी मारत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण लाइट गेली की ते मुकं. आपल्याकडे ऐन आरतीला लाइट जाते, आणि घरच्या सरावाला कोण मशीन लावून बसणार? म्हणून आपल्यासारख्यांना मधला प्रकार बरा. दिंडीत हातात घेऊन चालता येतं, मंडपात वायर जोडता येते.

हा पिकअप काम कसा करतो? आपल्या चुलीजवळचा गॅसचा लायटर आठवा. त्याला ना सेल असतो ना वायर, तरी खट्ट दाबलं की ठिणगी पडते. आत एक स्फटिकासारखा खडा असतो, त्याच्यावर दाब पडला की वीज तयार होते. जाक आणि पिएर क्युरी या दोन भावांनी ही गंमत १८८० मध्ये दाखवून दिली. मँडोलिनच्या पिकअपमध्ये तीच जात असते, फक्त पातळ पट्टी किंवा चकती. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती घोडी तारेबरोबर थरथरते. पट्टी घोडीत किंवा घोडीखाली असेल तर तो थरथराट तिच्यावर पडतो, त्याची बारीकशी वीज होते, ती वायरीतून मशीनकडे जाते आणि बॉक्समधून आवाज येतो. चिकटवायचा पिकअप म्हणजे हीच चकती, पण बाहेरून लावलेली. आम्ही ती मँडोलिनच्या मागच्या फळीवर चिकटवली होती, जिथे सुनेच्या साडीचा घासल्याचा आवाज जास्त आणि तारेचा कमी. लावायचीच तर पुढच्या फळीवर, घोडीच्या अगदी जवळ लावायची.

ही वीज फार नाजूक असते. ती सरळ माईकच्या भोकात खोचली तर आवाज पत्र्यासारखा, चिरका येतो. म्हणून पिकअपवाल्या बऱ्याच मँडोलिनांत एक छोटं यंत्र असतं, प्रीअँप. ते ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालतं आणि आवाजाला बळ देतं. ते नसेल तर माईकवाल्याकडून ‘डीआय बॉक्स’ मागायचा, हाताच्या पंजाएवढी डबी असते. नुसत्या पिकअपची वायर १५ फुटांपेक्षा लांब ठेवू नये, आवाज मरतो आणि गुणगुण वाढते. प्रीअँप असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. वायर खोचलेली असली की सेल खर्च होत राहतो, वाजवा किंवा नका वाजवू. कार्यक्रम संपला की आधी पिन काढायची. आमचा एक सेल असाच रातोरात संपला.

शिट्टी का होते, तेही सांगतो. मँडोलिन आतून पोकळ. बॉक्समधून आलेला मोठा आवाज त्याच्या फळीवर आदळतो, फळी थरथरते, पिकअप ते उचलतो, मशीन तोच आवाज आणखी मोठा करून बॉक्समधून सोडतं, तो पुन्हा फळीवर येतो. असं गोल गोल फिरून शिट्टी होते. त्या नवरात्रात बॉक्स आमच्या पाठीमागे ठेवले होते, तोंडं आमच्याकडे. म्हणजे सगळा दोष मँडोलिनचा नव्हताच. बॉक्स नेहमी आपल्या पुढे, दोन्ही बाजूंना, लोकांकडे तोंड करून असावेत, आणि वाजवणारीने बॉक्ससमोर बसू नये. एवढं केलं तरी बरंचसं भागतं. आणि मशीनला अर्थिंग आहे ना, हे विचारायला लाजू नका. ओल्या जमिनीवर, लोखंडी माईक ओठांजवळ आणि हातात पोलादी तारा, हा शॉकचा मामला आहे.

दोष मात्र होता. जुनं मँडोलिन घेऊन आम्ही चौघी काटोलमार्गे नागपूरला गेलो. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून अशी कामं तरी होतात. दुकानदाराने ते बंदुकीसारखं डोळ्यापुढे धरलं आणि आम्हांलाही धरायला लावलं. दांडी सरळ नव्हती, मध्ये वाकली होती. मँडोलिनच्या आठ तारांचा ओढा दांडीवर सतत असतो. लाकूड कच्चं किंवा नीट न वाळलेलं असलं की ती वाकते, आणि तारा पट्टीपासून उचलल्या जातात. म्हणूनच सुनेची बोटं एवढी सोलत होती. आम्ही मात्र समजत होतो, की शिकताना असंच होतं. फोटोत दांडीचा बाक दिसत नाही, तायांनो.

नवं घेताना मग आम्ही घाई केली नाही. दोन तास लागले. दांडी डोळ्यासमोर धरून पाहिली. बाराव्या पडद्याजवळ तार किती वर आहे ते पट्टीने मोजलं. साधारण २ मिलिमीटर असावं, ३ च्या पुढे असेल तर बोटांचे हाल. मग सुनेने प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवली, कुठे झरझर आवाज येतो का ते ऐकलं. एका मँडोलिनात दोन पडदे वर आलेले निघाले, ते बाजूला ठेवलं. त्यानंतर बाराव्या पडद्याची परीक्षा. मोकळी तार वाजवायची आणि मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवायची. दोन्ही सूर एकच हवेत, दुसरा फक्त वरच्या सप्तकातला. जुळत नसेल तर घाबरू नका. मँडोलिनची घोडी फळीला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी असते, त्यामुळे कधी सरकलेली असते. वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, जवळजवळ तेवढंच तिथून घोडीपर्यंत असतं. दुकानदाराला घोडी सरकवून सूर जुळवून द्यायला सांगा. जुळलाच नाही तर पडदेच चुकीचे बसवलेत, ते वाद्य घ्यायचं नाही. याच कारणाने तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत. एकेक बदलावी, नाहीतर घोडी पडते आणि जागा हरवते.

एवढं होईपर्यंत आम्ही वायर लावलीच नव्हती. वाद्य म्हणून ते बरं आहे हे आधी ठरलं. मग दुकानातल्या मशीनला जोडलं. चारही जोड्यांचा आवाज सारखा येतो का? एका मँडोलिनात बारीक तारा ओरडत होत्या आणि जाड तारा दबलेल्या, म्हणजे पट्टी घोडीत सारखी बसलेली नव्हती. पिनजवळ वायर हलवून पाहिली, खरखर येते का. घुंड्या पूर्ण फिरवून पाहिल्या. आणि सगळ्यांत कामाची गोष्ट काकूंना सुचली. त्या म्हणाल्या, “जवळून त सबनच गोड वाटते. मी रस्त्यावर जाऊन उभी राह्यतो.” त्या फुटपाथवर गेल्या, सून आत वाजवत होती, आणि पलीकडून ट्रक जात होते. तिसऱ्या मँडोलिनाला काकूंनी मान हलवली. दुकानदार हसला, पण नंतर म्हणाला, की गिऱ्हाइकाने असंच करावं.

पैशांचं सांगतो, कारण बैठकीत खरं भांडण त्याच्यावरच होतं. पिकअप आणि प्रीअँप असलेलं मँडोलिन ७,२०० ला पडलं. १५ फुटी वायर ३५०, तारांचे जास्तीचे दोन जोड ५००, जाड अस्तराची पिशवी ६००. सगळे मिळून ८,६५० रुपये. बघा, नुसत्या वाद्याच्या भावावर बजेट केलं असतं तर दीड हजार कमी पडले असते. भाव बदलत राहतात, तुमच्याकडे विचारून घ्या, पण हे वरचे खर्च धरायला विसरू नका.

हे पैसे गटाच्या बचतीतून काढायचे नाहीत यावर आम्ही ठाम होतो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. बचतीच्या पैशावर पहिला हक्क कोणाच्या दवाखान्याचा, कोणाच्या लेकीच्या फीचा. शिलाई मशीनसाठी कर्ज काढलं तर मशीन हप्ता फेडतं, मँडोलिन फेडेलच असं नाही. बँकेचं कर्ज तर यासाठी मुळीच काढू नका. आमच्याकडे कार्यक्रमांच्या मानधनाचे ६,२५० रुपये वेगळ्या डब्यात होते. उरलेले २,४०० आम्ही बारा जणींनी दोनशे-दोनशे काढून भरले. दोघींनी ते दोन हप्त्यांत दिले, तेही वहीत लिहिलं आहे.

ठरावही लिहिला. मँडोलिन गटाच्या मालकीचं, सुनेच्या नाही, हे तिच्यासमोर वाचून दाखवलं. अवघड वाटलं, पण लिहिणं जरुरी होतं. उद्या ती दुसऱ्या गावी राहायला गेली तर भांडण नको. ते राहील मात्र तिच्याच घरी, कारण गटाच्या पेटीत कुलूपबंद ठेवलेलं वाद्य कोणी शिकत नाही. त्याच्या बदल्यात तिने आणखी दोन मुलींना शिकवायचं. जुनं वाकडं मँडोलिन त्या मुली वापरतात. भुलाबाईच्या दिवसांत त्यावर त्यांनी एवढा गोंगाट केला, की काकूंनी दार लावून घेतलं.

जपणूक फार नाही. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, हाताच्या घामाने पोलाद गंजतं. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवायचं नाही, डिंकाचे जोड सुटतात. पिशवीत ठेवून आतल्या खोलीत खुंटीला टांगलं की झालं.

राहिला माईकवाला. आता कार्यक्रमाच्या गावी आम्ही लोक जमायच्या आधी तासभर पोचतो. मँडोलिनला वेगळी घुंडी द्या, शिट्टी आली तर हळूहळू कमी करा, पण शून्य करू नका, आणि केलंच तर आम्हांला हात दाखवा, एवढं दादाला सांगतो. पहिल्यांदा सांगताना आमच्यापैकी कोणी पुढे होईना. सुनेनेच सांगितलं. दादाने ऐकलं, वर म्हणाला, की तुमच्यासारखं आधी कोणी सांगत नाही हो, मग आमच्यावरच चिडतात.

शिवाय दर कार्यक्रमात एक जण लोकांच्या अगदी मागे उभी राहते. मँडोलिन ऐकू आलं की तिने हात वर करायचा. मागच्या कोजागिरीला ती पाळी काकूंची होती. दुसऱ्या भजनात सुनेने मान वर करून पाहिलं, मागे अंधारात काकूंचा हात वर होता. थोड्या वेळाने दुसराही हात वर गेला. दोन हातांचा अर्थ आम्ही ठरवला नव्हता. घरी येताना विचारलं, तर म्हणाल्या, “थो दुसरा मच्छर मारायले होता.”